काम बिघडव, म्हणजे सोडतील

डीमन (नेदरलँड्स), ३ नोव्हेंबर २०२४

लीलाआत्या, नमस्कार करते.

पाकिटावर परदेशी तिकीट बघून घाबरू नका. फोनच केला असता, पण तुमचं कानातलं यंत्र फोनवर शिट्टी वाजवतं आणि मला जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही. मेसेज करावा, तर तुमचा मोबाइल सुबोधभावजी हाताळतात आणि आलेला प्रत्येक मेसेज जेवताना सगळ्यांना वाचून दाखवतात. स्वतःच्या आईचे मेसेज इतक्या उत्साहाने वाचणारा मुलगा मी दुसरा पाहिला नाही. म्हणून हे पत्र.

श्रीहर्ष प्रोजेक्टसाठी आर्नहेमला राहायला गेलाय, असं मी सासूबाईंना सांगितलंय. तो आर्नहेमजवळ आहे एवढंच त्यात खरं. तिथल्या जंगलातल्या एका मनोरुग्णालयात तुमचा भाचा सप्टेंबरपासून आहे.

झालं असं की, उन्हाळ्यापासून त्याची झोप उडाली. कंपनीत तो विजेच्या मीटरवरच काम करतो, त्याच्या डोक्यात बसलं की आपल्या घरातला मीटर आपलं बोलणं ऐकतोय. इथे प्रत्येक घरात बाहेरच्या दाराला लागून मीटरचं उभं कपाट असतं. श्रीने त्या कपाटाचं दार उचकटून काढलं आणि खुर्ची टाकून समोर बसला. म्हणजे घराच्या दारासमोरच. दोन दिवस त्याने मला आणि अवनीला बाहेर पडू दिलं नाही. हात उगारला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. ‘बाहेर धोका आहे’ एवढंच म्हणत राहिला. शेवटी अवनीने मैत्रिणीच्या आईला मेसेज केला आणि लोक आले. मला ते सुचलं नाही, माझ्या बारा वर्षांच्या मुलीला सुचलं.

आता दर शनिवारी जाते. मेट्रो, ट्रेन, मग बस. विटांच्या बैठ्या इमारती आहेत, सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या, मधे नुसती झाडं. भिंतीवर फळा असतो, त्यावर प्रत्येकाच्या नावापुढे दिवसाचा कार्यक्रम चुंबकाने लावलेला. चालायला जाणं, मातीकाम, भाज्यांचा वाफा, गाणं. साडेदहाला कॉफी आणि एकच बिस्किट, डबा लगेच बंद. श्रीच्या नावापुढे पहिले तीन आठवडे फक्त ‘चालणे’ होतं आणि तेही तो करायचा नाही.

तुम्ही आयुष्यभर सरकारी मनोरुग्णालयात पेशंटांना कामं शिकवलीत. आपल्याकडे ह्याबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या लग्नात तुमची ओळखसुद्धा ‘सरकारी नोकरीत होत्या’ एवढीच करून दिली होती. पण आता मला विचारायला दुसरं कुणी नाही. माती मळून आणि चालून माणूस बरा होतो का, आत्या? मला त्याला बरा होऊन घरी आलेला बघायचंय.

तुमची,
अमृता


सातारा, २६ नोव्हेंबर २०२४

अमृता, बाळ,

पत्र मिळालं. देवाच्या फडताळात ठेवलंय, तिकडे सुबोध कधी फिरकत नाही.

माणूस बरा होतो का ते मला विचारू नकोस, ते डॉक्टरांचं खातं. माझं खातं कामाचं. मी त्रेसष्ट साली लागले तेव्हा औषधं मोजकी आणि माणसं बेसुमार. सकाळी घंटा, मग मोजणी, मग ॲल्युमिनियमच्या मगातला चहा, त्याला चहा म्हणायचं ते केवळ गरम होता म्हणून. बायकांच्या बाजूला डोक्याला तेल लावायचं काम. प्रत्येकीची वेणी घालायची. तासभर जायचा त्यात, आणि निम्मा उपचार तोच होता असं माझं मत आहे. पण माझं मत विचारतंय कोण?

मग कामं. पुरुषांकडे हातमाग, सुतारकाम, वेताच्या खुर्च्या विणणं, भाजीचा मळा. बायकांकडे शिवण, पाकिटं चिकटवणं, तांदूळ निवडणं. एक बाई निवडलेले खडे गुपचूप परत तांदळात टाकायची. एकदा मी तिला पकडलं, तर म्हणाली, “बाई, संपले तर उद्या काय करू?” गुरुवारी भजन असायचं. महिन्यातून एकदा सिनेमा. पडदा म्हणजे आमच्याच मागावरची चादर, तिला मधोमध हिरवा पट्टा, तो प्रत्येक हिरॉइनच्या नाकावरून जायचा. पेशंटांची काही तक्रार नव्हती. तक्रार करायचे ते साहेबलोक.

मी एवढंच शिकले की डोळ्यांपेक्षा हातांकडे बघावं. डोळे औषधाने जड होतात, बोलणं पढवलेलं असतं. हातात वस्तू दिली की ती नुसती धरून बसतो का तिचं काही करतो, तेवढं बघ. हर्षा लहानपणी माझ्या घरी आला की पहिल्यांदा माझं घड्याळ उघडायचा. परत लावायचा नाही, ते सोड.

आणि तू जेवतेस का वेळेवर? भेटीच्या दिवशी आमच्याकडे नातेवाईक यायचे ना, पेशंट तेल लावून, भांग पाडून बसलेले असायचे आणि घरचेच आजारी दिसायचे. वहिनीला सध्या काही सांगू नकोस. तिला रडायला फार आवडतं.

त्याचा तिथला पत्ता कळव.

लीलाआत्या


डीमन, १२ जानेवारी २०२५

आत्या,

तुमचं पत्र ऑफिसला जाताना ट्रॅममध्ये वाचलं. हिरव्या पट्ट्याला हसले, तेव्हा समोरची बाई दचकली. पुष्कळ दिवसांनी हसले असेन.

हातांची बातमी चांगली आहे. क्लिनिकचा जुना धोबीखाना होता, तिथे आता सायकल दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. आजूबाजूच्या गावांतले लोक मोडक्या सायकली आणून टाकतात, पेशंट त्या दुरुस्त करतात. तिथला मुख्य माणूस हेंक म्हणून आहे, साठीचा, कमी बोलणारा. श्री पहिल्यांदा नुसता खुर्चीवर बसायचा. मग एका दिवशी त्याने कुणाचं तरी चाक हातात घेतलं आणि त्याच्या तारा सारख्या करत बसला. जेवायलाही उठला नाही. आता रोज सकाळी जातो. परवा मी गेले तेव्हा त्याच्या नखांत काळं ग्रीस होतं आणि त्याने मला चेन कशी बसवतात ते पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. आवाज पूर्वीचाच, जरा हळू.

बाकी माझं चाललंय. सकाळी अवनीचा डबा, ऑफिस, मीटिंगा, रात्री भांडी. मॅनेजर कळवळून विचारतो, “कसं चाललंय?” आणि मी ‘ठीक’ म्हटलं की त्याला सुटल्यासारखं होतं. अवनी भेटायला येत नाही. मी विचारलं की डचमध्ये सांगते, “हूफ्त नीत.” म्हणजे, गरज नाही. मराठीत विचारलेल्याला ती आता मराठीत उत्तर देत नाही, आणि मी जोरही करत नाही. जोर करायला अंगात जोर लागतो.

घरी कधी येणार, ते तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल. इतक्यात काही दिसत नाही. तिथले लोकच सोडायला तयार नाहीत. हेंक म्हणतो, हा गेला तर गावाच्या सायकली कोण बघणार? तेव्हा आहे तिथे बरं आहे म्हणायचं.

पत्ता खाली लिहिला आहे.

अमृता


सातारा, ४ फेब्रुवारी २०२५

अमृता,

तुझ्या पत्राचा शेवट वाचून माझं डोकं फिरलं. म्हणजे तिकडेही तेच का? एवढा सुधारलेला देश म्हणतात!

ऐक. आमच्याकडे अरुण मास्तर होते. प्राथमिक शाळेतले शिक्षक, बायको गेल्यावर डोकं बिघडून आलेले. आले तेव्हा भिंतीला तोंड करून बसायचे. मी त्यांना मागावर बसवलं आणि काय सांगू, असा हात बसला! त्यांच्या सतरंज्या बघायला कलेक्टरीणबाई आल्या होत्या. वर्षभरात मास्तर तुमच्याआमच्यासारखे शहाणे झाले. पण डॉक्टरांनी सुट्टीचा कागद काढला की विणकाम खात्याचे साहेब आडवे. “सरकारी ऑर्डर आहे, एवढा लॉट होऊ द्या, मग सोडा.” तो लॉट झाला की पुढचा लॉट. शेजारच्या मागावर एक जण होता, त्याला धड गाठ मारता यायची नाही, तो केव्हाच घरी गेला. मास्तर अकरा वर्षं राहिले. आणि त्यांचा भाऊ? तो यायचा दिवाळीला फराळ घेऊन. साहेबांचे हात जोडून आभार मानायचा. हॉस्पिटलला मास्तर हवे होते आणि घराला नको होते, दोघांचं झकास जमलं. मास्तरांना कुणी विचारलं नाही.

हर्षाचं तसं मी होऊ देणार नाही. त्याला वेगळं पत्र टाकते आहे. काय लिहिलं ते विचारू नकोस, माझा धंदा मला कळतो.

लीलाआत्या


सातारा, ४ फेब्रुवारी २०२५

हर्षा,

अमृताने मला सगळं सांगितलंय, तिच्यावर रागावू नकोस. आणि माझ्याशी लाजू नकोस. तुझ्यासारख्या शेकडो जणांबरोबर मी छत्तीस वर्षं काढली, त्यातले बरेच जण आपल्या नातेवाइकांपेक्षा बरे होते.

तू तिथे सायकली उत्तम करतोस असं कळलं. म्हणून एक कानमंत्र देते. हा कुठल्याही डॉक्टरला माहीत नसतो, कारण डॉक्टर वर्कशॉपमध्ये येत नाहीत. ज्याचं काम चांगलं, त्याचा मुक्काम लांबतो. तेव्हा काम बिघडव, म्हणजे सोडतील. ब्रेकला हात लावायचा नाही, कुणाचा जीव जाईल. घंटी उलटी बसव. सीट तिरकी ठेव. दोन दिवस जाऊच नकोस. लवकरच त्यांना तू नकोसा होशील आणि सुखरूप घरी जाशील.

घरी तुझी दोन माणसं वाट बघत आहेत.

आत्या


क्लिनिक, ९ मार्च २०२५

आत्या,

तुझं पत्र मी हेंकसमोरच उघडलं. काय लिहिलंय, त्याने विचारलं. म्हटलं, माझी आत्या सायकल दुरुस्तीबद्दल सल्ला देते आहे. तो म्हणाला, “छान, ह्या क्षेत्रात अनुभवी माणसं कमी आहेत.”

मी बरा आहे. औषधाने हात जड होतात आणि शब्द उशिरा येतात, हे एवढं लिहायला सकाळ गेली. इथे दिवस आखलेला असतो. उठल्यावर फळ्यावर आपलं नाव बघायचं. सोमवारी मातीकाम असतं, तिथे प्रत्येक जण वाडगाच करतो, इमारतीत आता वाडगे ठेवायला जागा नाही. बुधवारी गाणं. माझ्या शेजारी एक बाई बसतात, गाण्याची कुठलीही ओळ आली की त्या एकच ओळ म्हणतात, पण सुरात. संध्याकाळी साडेपाचला जेवण, मग रमीसारखा एक खेळ. मी जिंकत नाही. जिंकण्याइतकं लक्ष लागत नाही अजून.

तू सांगितलंस तसं केलं. घंट्या उलट्या बसवल्या. एका आजोबांची सीट इतकी तिरकी केली की ते घसरून माझ्यावरच हसत बसले. मग आठवडाभर वर्कशॉपला गेलोच नाही, खोलीत पडून राहिलो. इथे न जाणं ही फार मोठी बातमी असते. परवा बैठक झाली आणि मुक्काम वाढला. तुझ्या वेळी कसं होतं माहीत नाही, पण इथे काम बिघडलं की माणूसच बिघडला असं धरतात. वाईट वाटून घेऊ नकोस.

एक काम कर. अमृताला ह्यातलं काही लिहू नकोस.

हर्षा


डीमन, १६ मार्च २०२५

आत्या,

बातमी बरी नाही. श्रीची तब्येत घसरली आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून कामं चुकायला लागली, मग त्याने वर्कशॉपला जाणंच सोडलं. शनिवारी गेले तर भिंतीकडे तोंड करून पडलेला. डॉक्टर मराइके म्हणाल्या की आजार उलटत असावा. औषध वाढवलं आहे.

त्यांनी एक गोष्ट सुचवली आहे. क्लिनिकच्या आवारातच एक घर आहे, चार माणसं राहतात, प्रत्येकाला आपली खोली, मदतीला कुणीतरी कायम असतं. तिथे त्याला जागा मिळू शकते. एकदा गेला की निदान काही वर्षं तरी तिथेच. मेअखेरपर्यंत आम्ही दोघांनी सह्या करायच्या. मी ते घर बघून आले. स्वच्छ आहे. खिडकीतून बीच जातीचं एक मोठं झाड दिसतं. स्वयंपाकघरात चार कप चार खुंट्यांना टांगलेले.

मला वाटतं मी सही करावी. त्याच्या दृष्टीने तेच बरं.

अमृता


सातारा, ७ एप्रिल २०२५

अमृता,

सही करू नकोस! हे पत्र स्पीडपोस्टने टाकते आहे. सुबोधला सांगितलं, दिवाळीच्या फराळाची कृती पाठवतेय. एप्रिलमध्ये. त्याने विश्वास ठेवला.

तुझं पत्र आणि हर्षाचं पत्र मला लागोपाठच्या दिवशी मिळालं. आजार उलटलेला नाही. मी त्याला लिहिलं होतं की काम बिघडव, म्हणजे ते सोडतील. त्याने माझं ऐकलं. आमच्या हॉस्पिटलात हाच एक रस्ता होता बाहेर पडायचा, तिकडे उलटाच निघाला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या म्हातारीने आपलं जुनं शहाणपण परक्या देशात पाठवू नये, एवढं मला कळायला हवं होतं. त्याने मला बजावलं होतं की अमृताला सांगू नकोस, पण आता गप्प बसले तर तो अरुण मास्तरांसारखा तिथेच राहील, आणि तोही माझ्यामुळे.

त्या मराइकेबाईंना माझं पत्र दाखव. भाषांतर करून सांग. त्या हसल्या तर हसू देत. घरी यायला धडपडतोय तो पोरगा, अमृता. त्याला घरी आण.

लीलाआत्या


डीमन, २१ एप्रिल २०२५

आत्या,

तुमचं पत्र मराइकेंना दाखवलेलं नाही. आधी तुम्हाला एक सांगायचंय.

तिथल्या कुणीही श्रीला धरून ठेवलं नव्हतं. हेंक ते वाक्य बोलला होता, पण हसत, त्याच्या पाठीवर थाप मारत. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मराइकेंचा मला फोन आला होता. म्हणाल्या, आता शनिवार-रविवार घरी पाठवून बघू, मग हळूहळू कायमचं. मी नको म्हणाले. कारण विचारलं, तेव्हा ‘आत्ता नको’ एवढंच पुन्हा म्हणाले. आणि तुम्हाला लिहिलं की ते लोक सोडत नाहीत. तुम्ही त्यांच्यावर चिडलात, त्याला तो सल्ला दिलात, त्याने तो ऐकला. तुमची चूक म्हणता ती माझ्या खोट्यातून निघाली.

का नको म्हणाले? घर शांत आहे, आत्या. कपाटाला नवीन दार बसवून घेतलंय. अवनी परत मैत्रिणींना घरी आणते, सोफ्यावर चिप्स सांडतात, मी ओरडत नाही. पण बाहेर लिफ्ट थांबल्याचा आवाज आला की अजून मी हातातलं काम टाकून दाराशी जाते. तो वाईट माणूस नाही. त्या दोन दिवसांतही त्याने आम्हाला पोहे करून दिले होते, वर कोथिंबीर घालून. मला त्याची भीती वाटते, आणि आता तर त्या भीतीचाही कंटाळा आलाय. तो घरी आला की मी रोज त्याच्या डोळ्यांकडे, हातांकडे बघत राहणार. गोळी घेतली का, झोपला का, मीटरकडे बघितलं का. नोकरी करून हे करायचं. किती वर्षं, कुणी सांगत नाही.

तब्येत घसरली असं त्यांनी सांगितलं तेव्हा मला हायसं वाटलं. हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. तुमच्या पत्रातला तो फराळ घेऊन येणारा भाऊ मी वाचला, तेव्हाच तुम्हाला लिहायला हवं होतं.

आता सांगा, अशी बायको तुमच्याकडे बघितली होती का?

अमृता


सातारा, ८ मे २०२५

अमृता, बाळ,

बघितल्या होत्या. खोटा पत्ता देऊन जाणाऱ्या बघितल्या. “मी त्याची बहीण, बायको मेली” असं सांगणारी बायकोही बघितली. तू दर शनिवारी तीन गाड्या बदलून जातेस. तेव्हा त्यांच्या पंगतीत बसायची घाई करू नकोस.

रागावले का? रागावले. दोन दिवस तुझ्यावर मनातल्या मनात तोंड सोडलं. मग आठवलं, मी रोज संध्याकाळी पाच वाजता घरी जात होते. छत्तीस वर्षं पेशंटांबरोबर काढली असं मी तोऱ्याने सांगते, पण माझ्या घराच्या दारात खुर्ची टाकून कुणी बसलेलं नव्हतं. तुझं दमणं मला माहीत नाही. त्यावर मी काही बोलणार नाही.

सही करायची की नाही तेही सांगणार नाही. मागच्या पत्रात ‘घरी आण’ लिहिलं ते मागे घेते. एकच मागते. जे मला लिहिलंस ते हर्षाला तोंडावर सांग. मास्तरांना त्यांच्या भावाने स्वतः सांगितलं असतं की तुम्ही मला घरात झेपत नाही, तर ते रडले असते, भांडले असते, पण अकरा वर्षं दर दिवाळीला घरी जायची पिशवी भरून ठेवली नसती. घरी येऊ नको म्हणायचं असेल तर तू म्हण. डॉक्टरांना म्हणायला लावू नकोस.

लीलाआत्या


डीमन, १ जून २०२५

आत्या,

सांगितलं.

काल गेले तेव्हा तो वर्कशॉपच्या मागे बाकावर बसला होता. पलीकडे बाकीचे टोमॅटोची रोपं मोठ्या कुंड्यांत हलवत होते, कुणाचा तरी रेडिओ लागला होता. मी पाणीसुद्धा न पिता सगळं बोलून टाकलं. जानेवारीचा फोन, तुम्हाला लिहिलेलं खोटं, ते हायसं वाटणं. भीती वाटते हेही सांगितलं. बोलताना त्याच्याकडे बघितलं नाही, समोर पडलेल्या एका सायकलकडे बघून बोलले.

त्याने बराच वेळ घेतला. त्याला आता लागतो तेवढा. मग म्हणाला, “फोनचं मला माहीत होतं.”

“कसं?”

“त्याच दिवशी मराइकेने मला बसवून सांगितलं. तुझी बायको म्हणते, आत्ता नको. इथे पेशंटपासून काही लपवत नाहीत. तसा नियमच आहे त्यांचा.”

म्हणजे जानेवारीपासून दर शनिवारी मी खोटं हसत त्याच्यासमोर बसत होते, आणि तो मला चेन कशी बसवतात ते समजावून सांगत होता.

मी विचारलं, “मग आत्याचं ऐकून सायकली का बिघडवल्यास? तुला कळलं नाही की त्याने तू इथेच अडकशील?”

“कळत होतं की. पाच महिने इथेच राहत होतो, अमृता. काम बिघडलं की काय होतं ते मी रोज बघत होतो. आत्याला माहीत नव्हतं, मला होतं.”

“मग?”

“मार्चच्या पहिल्या आठवड्यात परत बैठक होती. मी चांगला दिसलो असतो तर त्यांनी तुला परत फोन केला असता. तुला परत नको म्हणावं लागलं असतं. नेमकं आत्याचं पत्र आलं. म्हटलं, आपण बिघडलो तर तुला म्हणावं लागणार नाही.”

आत्या, मला आधी राग आला. इतका, की मी उठून बसच्या थांब्यापर्यंत चालत गेले. कुणी सांगितलं होतं ह्याला हे करायला? भिंतीकडे तोंड करून पडलेला बघून मी हायसं वाटून घेत होते आणि हा तिथे माझ्यासाठी आजारी पडून दाखवत होता! वाढवलेली औषधं खरी घेत होता. बस आली. मी चढले नाही. रडत उभी राहिले, ड्रायव्हरने थोडं थांबून दार लावलं.

परत गेले तर तो तिथेच होता. म्हणाला, “सगळं तुझ्यासाठी नव्हतं. घराच्या त्या दाराची मलाही भीती वाटते. पडून राहणं सोपं होतं.” हे ऐकून मला जरा बरं वाटलं. नुसता चांगुलपणा असता तर तो मला झेपला नसता.

मग आम्ही दोघं मराइकेंकडे गेलो आणि खरं ते सांगितलं. त्या हसल्या नाहीत. तुमचं पत्र मागून घेतलं, मी जसं जमलं तसं भाषांतर केलं, त्यांनी दोनदा विचारलं की बाईंचं वय काय. औषध आठवड्याभरात खाली आणणार आहेत. आवारातल्या त्या घराच्या कागदावर मी सही केलेली नाही. कधीच करणार नाही असं म्हणत नाही, आणि हेही त्याच्यासमोरच बोलले. तूर्त तो घरी येणार फक्त शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ. रविवार माझा, मी झोपणार.

अवनीला विचारलं. ती माझ्याशी मराठीत बोलली, तिच्या मराठीत. म्हणाली, “बाबा येऊ दे. पण घराची किल्ली माझ्या गळ्यात राहणार.” मी हो म्हटलं. श्रीला फोनवर सांगितलं तर म्हणाला, बरोबर आहे तिचं.

सासूबाईंना तो स्वतः फोन करणार आहे. त्या रडतील.

येत्या शुक्रवारी ऑफिसमधून लवकर निघून त्याला आणायला जाते आहे. भीती गेलेली नाही आणि थकवाही गेलेला नाही. मला वाटत होतं, ते दोन्ही गेले की मी त्याला आणीन. मराइकेंना विचारलं, कधी जाईल हे? त्या म्हणाल्या, माहीत नाही. तेव्हा आता वाट बघत नाही. दमलेली आहे, तशीच जाते आहे.

तुमची,
अमृता